ज्ञानाची भाषा आणि शिकणाऱ्याचा अधिकार

ज्ञान ज्या भाषेत प्रथम प्रकटले त्या भाषेपर्यंत शिकणाऱ्याने यावे, की ज्ञानानेच शिकणाऱ्याच्या भाषेपर्यंत जावे, हा प्रश्न धर्मचिंतनात फार जुना आहे आणि आजच्या प्राथमिक शाळेत तो अजूनही सुटलेला नाही. घरची भाषा आणि शाळेची भाषा या दोन्हींना अध्यापनात स्थान देणाऱ्या पद्धतीला द्विभाषिक शिक्षण म्हणतात, आणि तिची चर्चा सामान्यतः पाठ्यपुस्तके, शिक्षकभरती आणि परीक्षेचे निकाल यांच्या अंगाने होते. या व्यवहाराच्या मुळाशी मात्र एक तात्त्विक प्रश्न आहे, आणि तो अधिकाराचा आहे. भारतीय परंपरेत ‘अधिकार’ या संज्ञेचा अर्थ एखादे ज्ञान मिळवण्याची पात्रता असा होतो. ही पात्रता शिकणाऱ्याने एखादी विशिष्ट भाषा आधी येत असल्याचे दाखवून सिद्ध करायची, की ती त्याला माणूस म्हणून जन्मतःच लाभलेली असते, या प्रश्नाला मराठी भाषेने तेराव्या शतकात दिलेले उत्तर आज तिच्यावरच एक कर्तव्य टाकते.

धर्मपरंपरांनी या प्रश्नाची दोन उत्तरे दिली आहेत. पहिल्या उत्तरानुसार पवित्र वचनाचा अर्थ त्याच्या मूळ ध्वनीपासून वेगळा काढता येत नाही. पूर्वमीमांसेने वेद अपौरुषेय, म्हणजे कोणाही पुरुषाने न रचलेले, मानले आणि शब्द नित्य मानला, त्यामुळे मंत्रातील स्वरही बदलता येत नाही असे ठरले. इस्लाममध्ये नमाजातील पठण अरबीतूनच होते. आणि कॅथलिक चर्चची मुख्य उपासना १९६०च्या दशकातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत लॅटिनमध्ये चालत असे. या भूमिकेमागे केवळ अहंकार होता असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यामुळेच हजारो वर्षांची वचने अक्षरशः टिकली आणि दूरदूरच्या श्रद्धावानांना एका उच्चाराने परस्परांशी जोडता आले. अडचण निर्माण झाली ती ध्वनीच्या पावित्र्याला सामाजिक निर्बंधाची जोड मिळाली तेव्हा. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरण या प्रकरणात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाही असा निर्णय आहे. अशा व्यवस्थेत भाषा ज्ञानाचे साधन राहत नाही, ती प्रवेशाची अट बनते, आणि जन्माने बाहेर ठेवलेल्या माणसाला ती अट पूर्ण करण्याचा मार्गही बंद केलेला असतो.

दुसरे उत्तर याच्या विरुद्ध दिशेने जाते. विनयपिटकातील चुल्लवग्ग या भागात अशी कथा आहे की, ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्षूंनी, निरनिराळ्या प्रदेशांतील भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात म्हणून ते छंदोबद्ध वैदिक भाषेत बांधावे अशी विनंती केली आणि बुद्धांनी ती स्पष्टपणे नाकारली. श्वेतांबर जैन परंपरेची श्रद्धा आहे की, महावीरांचा अर्धमागधीतील उपदेश प्रत्येक श्रोत्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत समजत असे. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात, जेरुसलेममध्ये जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांना शिष्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आल्याचे वर्णन आहे, आणि प्रत्येक प्रेषित त्याच्या लोकांचीच भाषा बोलणारा असतो, असे कुराणही सांगते. ज्या परंपरेत उपासनेचे पठण अरबीतच होते तिचाच ग्रंथ लोकभाषेचे हे तत्त्व मांडतो, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे दोन्ही उत्तरे एकाच धर्मात शेजारी नांदू शकतात हे ध्यानात येते. मूळ भाषेबद्दलचा आदर आणि शिकणाऱ्याच्या भाषेचा स्वीकार यांच्यात विरोध असलाच पाहिजे असे नाही.

महाराष्ट्रात या दुसऱ्या उत्तराला सर्वांत ठाम रूप महानुभाव पंथाने दिले. चक्रधरांनी आपले निरूपण मराठीत केले आणि त्यांच्यानंतर पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांनी तोच आग्रह पुढे चालवला. स्मृतिस्थळ या ग्रंथातील आठवणींनुसार, संस्कृतचे पंडित असलेल्या केशोबासांनी संस्कृतात प्रश्न विचारला तेव्हा चक्रधरांनी आपल्याला मराठीतच शिकवले आहे, म्हणून प्रश्नही मराठीतच विचारावा, असे नागदेवाचार्यांनी त्यांना सांगितले. आणि केशोबासांनी संस्कृतात रचना करण्याचा विचार केला तेव्हा, पंथातील म्हाताऱ्या बायका त्यामुळे ज्ञानाला मुकतील, या कारणासाठी नागदेवाचार्यांनी तो मान्य केला नाही. येथे भाषेच्या निवडीची जी कसोटी लावली गेली ती शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ग्रंथाची प्रतिष्ठा कोणत्या भाषेत वाढेल किंवा विद्वानांमध्ये त्याचा प्रसार कोणत्या भाषेत होईल, हे प्रश्न नागदेवाचार्यांनी बाजूला ठेवले आणि समुदायात सर्वांत मागे बसलेल्या श्रोत्याला जे कळेल तेच माध्यम योग्य, असा निकष धरला. निरक्षर वृद्ध स्त्री ही तेथे दयेचा विषय नव्हती. ज्ञानाच्या व्यवहारात तिचा वाटा आहे हे गृहीत धरूनच निर्णय झाला.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवर केलेल्या भावार्थदीपिकेने, म्हणजेच ज्ञानेश्वरीने, या विचाराला आणखी एक परिमाण दिले. ज्ञानेश्वरीचा उल्लेख सहसा मराठीचा विजय म्हणून होतो, परंतु रचनेच्या दृष्टीने पाहता ती द्विभाषिक अध्यापनाचा एक परिपूर्ण नमुना आहे. गीतेचा श्लोक संस्कृतातच राहतो, त्याची ओवीतून उकल होते, आणि दृष्टान्त श्रोत्याच्या शेतातून, घरातून व बाजारातून येतात. सातशे श्लोकांच्या ग्रंथावर सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या याचे कारण असे की, एका भाषेतील संक्षिप्त ज्ञान दुसऱ्या भाषेत नेताना ते ऐकणाऱ्याच्या अनुभवविश्वात पुन्हा उभे करावे लागते. सोळाव्या शतकात एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर मराठी टीका लिहून ती १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि ईश्वर कोणत्याही एका भाषेचा पक्षपाती असू शकत नाही, असा युक्तिवाद केला. टीका, म्हणजे मूळ वचन समोर ठेवून केलेले विवरण, या प्रकारात कोणतीही भाषा दुसरीला हुसकावून लावत नाही. शिकणारा आपल्या भाषेच्या आधाराने परक्या भाषेतील ज्ञानापर्यंत पोचतो आणि त्या प्रवासात त्याची स्वतःची भाषाही समृद्ध होते.

या ऐतिहासिक अनुभवाला तत्त्वज्ञानाचा आधारही आहे. वाक्यपदीयकार भर्तृहरी यांनी असे प्रतिपादन केले की, शब्दाच्या अनुषंगाशिवाय जगात कोणतीही जाणीव संभवत नाही. ज्ञान आधी तयार होते आणि भाषेचे वेष्टन त्याला नंतर चढते, असे नसून जाणीव मुळातच शब्दाने विणलेली असते. हे मान्य केले तर सहा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा ते रिकामे येत नाही, हेही मान्य करावे लागते. संख्या, नाती, कारण आणि परिणाम, न्याय आणि अन्याय यांची जाणीव त्याला घरच्या भाषेत आधीच झालेली असते, आणि ती भाषा वर्गाच्या दाराशी ठेवायला सांगणे म्हणजे ती जाणीवही दाराशी ठेवायला सांगणे होय. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेला सिद्धान्त याच दिशेचा आहे. माणसाच्या दोन भाषांच्या तळाशी विचार करण्याची एक सामाईक क्षमता असते, त्यामुळे पहिल्या भाषेत वाचन, तर्क आणि अमूर्त कल्पना पक्क्या झाल्या की त्या दुसऱ्या भाषेत नव्याने शिकाव्या लागत नाहीत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, पण दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणूनच परक्या माध्यमाच्या शाळेतील मूल मैदानावर सराईतपणे बोलू लागले तरी पाठ्यपुस्तकातील उताऱ्यापुढे अडखळते, आणि शिक्षकाला मात्र त्याची अडचण भाषेची नसून बुद्धीची आहे असे वाटू लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार एका अवघड वळणावर येतो. तेराव्या शतकात संस्कृतापुढे मराठी जिथे उभी होती तिथे आज मराठीपुढे गोंडी, माडिया, कोलामी, कोरकू, पावरी, भिली, कातकरी आणि वारली या भाषा उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९ टक्क्यांहून अधिक आहे, आणि या समाजांपैकी अनेकांच्या घरच्या भाषा मराठीच्या कुळातील नाहीत. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविड भाषा आहेत, मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातील भाषा आहे, आणि बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीचे नाते जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चितपणे जोडता आलेले नाही. कोरकूमध्ये एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे, आणि तिच्यात नामांचे मुख्य वर्गीकरण सजीव व निर्जीव असे होते. मराठीत मात्र प्रत्येक नामाला तीन लिंगांपैकी एक लिंग असते आणि क्रियापद त्याप्रमाणे बदलते. त्यामुळे कोरकू मूल ‘मुलगी आला’ असे म्हणते तेव्हा त्याच्या वाक्यामागे एका वेगळ्या आणि सुसंगत व्याकरणाची शिस्त असते. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो त्या चुकीतून मुलाच्या विचारापर्यंत पोचतो. ज्याला ठाऊक नाही तो त्या मुलाला मठ्ठ ठरवतो, आणि हा शिक्का मुलाला आयुष्यभर पुरतो.

सर्वांना समान वागणूक दिली की न्याय झाला, ही समजूत येथे तपासून पाहिली पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लाऊ विरुद्ध निकोल्स हा खटला आला तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतील इंग्रजी न येणाऱ्या चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांची तक्रार अशी होती की, त्यांना इतरांसारख्याच वर्गात बसवले जाते, परंतु भाषेची कोणतीही मदत मिळत नाही. १९७४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, सारख्या सोयी, सारखी पुस्तके, सारखे शिक्षक आणि सारखा अभ्यासक्रम दिल्याने समानता साधत नाही, कारण ज्याला भाषा कळत नाही तो अर्थपूर्ण शिक्षणातून आधीच वगळला गेलेला असतो. भारतीय संविधानाने हे तत्त्व त्याआधीच स्वीकारले होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याक गटांतील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यांना सांगतो, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातही शक्यतोवर मुलाची मातृभाषा हेच माध्यम असावे, असे कलम आहे. प्रश्न या ‘शक्यतोवर’चा आहे. व्यवस्था ज्यांना महत्त्वाचे मानते त्यांच्यासाठी गोष्टी शक्य करून दाखवते, आणि ज्यांना मानत नाही त्यांच्याबाबतीत अशक्यतेची यादी देते. म्हणून शक्य काय आहे हे ठरवण्याआधी कोण महत्त्वाचे आहे हे ठरवावे लागते, आणि तो निर्णय नैतिक असतो.

भाषेबरोबर शाळेच्या दाराशी आणखी काय राहते, हेही पाहिले पाहिजे. वारली समाजात लग्न लावणारी धवलेरी ही स्त्री असते; ती गाणी गाते, घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिला जातो आणि त्यात पालघाट देवीला बोलावले जाते. सृष्टीची उत्पत्ती, धान्याची देवता, जिवंत आणि मृत यांचे नाते याविषयीचा विचार या गाण्यांतून आणि विधींतून पुढच्या पिढीकडे जातो. त्याला लिखित ग्रंथाचा आधार नाही, त्यामुळे भाषा गेली की तो विचारही जातो. मराठीतील पहिली कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेची रचना धवळे, म्हणजे लग्नप्रसंगी गायची गीते, याच प्रकारात आहे, हे लक्षात घेतले तर धवलेरीची गाणी मराठी साहित्याच्या वर्गात परकी ठरण्याचे काहीच कारण नाही. शाळेने मुलाच्या घरच्या देवाधर्माचा प्रचार करावा असा याचा अर्थ नाही. मुलाच्या घरात ज्ञान आहे, विचार आहे आणि श्रेष्ठ प्रतीची रचना आहे, हे शाळेने मान्य करावे आणि अध्यापनात त्याचा उपयोग करावा, एवढाच याचा अर्थ आहे.

धर्म आणि सत्ता भाषेशी कसे वागू शकतात याची दोन टोके गोव्याच्या इतिहासात अवघ्या सत्तर वर्षांच्या अंतराने दिसतात. इंग्लंडमधून आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी येथील भाषा आत्मसात करून ओवीबद्ध मराठीत क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना त्यांच्या ओळखीच्या पुराणाच्या रूपात धर्म सांगावा, ही त्यामागची दृष्टी होती. १६८४ मध्ये मात्र पोर्तुगीज सत्तेने फर्मान काढून स्थानिक लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे असा आदेश दिला. स्टीफन्स यांचा हेतूही धर्मांतराशी जोडलेला होता, हे विसरता येत नाही, तरीही त्यांनी स्वतः विद्यार्थी होऊन लोकांची भाषा शिकण्याचे श्रम घेतले, आणि फर्मानाने ते सारे श्रम लोकांवर ढकलले. आजच्या शाळेतही शिकवण्याचे हे दोन प्रकार ओळखू येतात, आणि भाषेचे ओझे कोणी उचलायचे या एका प्रश्नावर त्यांच्यातला फरक ठरतो.

मातृभाषेतील शिक्षणावर सर्वांत गंभीर आक्षेप या समाजांच्या आतूनच येतो. मुलाला गोंडीत किंवा कोरकूत शिकवले तर नोकरी, न्यायालय, रुग्णालय आणि बाजार यांची भाषा त्याला कधी येणार, असे पालक विचारतात, आणि तो प्रश्न त्यांच्या अनुभवातून आलेला आहे. जातिव्यवस्थेने बंद केलेली अनेक दारे इंग्रजी शिक्षणाने उघडली, ही गोष्ट दलित-बहुजन समाजाला कोणी पटवून द्यावी लागत नाही. मातृभाषेचे गोडवे गाऊन एखाद्या समाजाला त्याच्या जागी बांधून ठेवणे हाही अन्यायच आहे. राज्य पालकांवर मातृभाषेचे माध्यम लादू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात दिला, त्यामागील स्वातंत्र्याचे मूल्य मान्य करावेच लागते. या आक्षेपाचे उत्तर ‘दोन्ही’ या शब्दात आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी द्विभाषिकतेचे दोन प्रकार सांगितले: पहिल्या भाषेला धक्का न लावता दुसरी मिळवणारी भर घालणारी द्विभाषिकता, आणि दुसरी शिकताना पहिली गमावणारी वजाबाकीची द्विभाषिकता. पालकांना भीती वाटते ती मूल एकाच भाषेत अडकण्याची, आणि ती भीती खरी आहे. पण घरच्या भाषेचा पाया न घालता परके माध्यम दिल्याने अनेक मुले दोन्ही भाषांत अर्धवट राहतात, हेही तितकेच खरे आहे. म्हणून पहिली काही वर्षे घरच्या भाषेत वाचन आणि विचार पक्के करणे, मराठी आरंभापासून ऐकण्या-बोलण्यातून आणणे, मग तिला माध्यमाचे स्थान हळूहळू देणे, इंग्रजी त्यावर उभी करणे आणि या सगळ्यात घरची भाषा शेवटपर्यंत वर्गात ठेवणे, ही वाट अधिक सुरक्षित ठरते.

हे व्यवहारात आणता येते. ओडिशाने २००६ नंतर साओरा, कुई, संताली यांसारख्या आदिवासी भाषांत प्राथमिक वर्गांची पुस्तके तयार केली आणि त्या भाषा बोलणारे शिक्षक नेमले. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. देशभरात २९ लाखांहून अधिक लोक गोंडी आणि ७ लाखांहून अधिक लोक कोरकू बोलतात, असे २०११ च्या जनगणनेत दिसते, तरीही दोन्ही भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. जिथे एकाच वर्गात तीन भाषांची मुले बसतात, जसे अनेक आश्रमशाळांत होते, तिथे प्रत्येक भाषेचे स्वतंत्र माध्यम शक्य नसेल. पण त्या भाषांत गोष्ट ऐकणे, शंका विचारणे, एकमेकांना समजावून सांगणे आणि गावातील जाणत्या माणसांना वर्गात बोलावणे यांना कोणत्याही शासन निर्णयाची आडकाठी नसते. अशा वर्गात शिक्षकाला काही वेळ शिष्याच्या जागी बसावे लागते, आणि जो गुरू शिष्याकडून शिकू शकत नाही त्याचे गुरुपण अपुरे आहे, ही जाणीव वारकरी परंपरेला नवी नाही.

मराठीच्या स्वतःच्या भवितव्याचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयाला २०२५ मध्ये महाराष्ट्रात मोठा विरोध झाला आणि तो निर्णय मागे घेतला गेला, आणि बेळगाव परिसरातील मराठी भाषक आपल्या मुलांच्या मराठी शिक्षणासाठी अनेक दशके आग्रह धरत आले आहेत. या सर्व मागण्यांचा नैतिक आधार एकच आहे: मुलाला त्याच्या भाषेत शिकण्याचा हक्क आहे आणि मोठ्या भाषेने केवळ मोठी असल्याच्या बळावर तो हिरावून घेऊ नये. हेच तत्त्व मेळघाटातील आणि भामरागडमधील मुलाला नाकारले, तर मराठीच्या मागणीतून तत्त्व निघून जाईल आणि केवळ संख्याबळ उरेल, आणि संख्याबळाच्या न्यायाने इंग्रजी व हिंदीपुढे मराठीची बाजू टिकणारी नाही.

म्हणून कोरकू किंवा गोंडी बोलणारा शिक्षक नेमणे, त्या भाषांत पहिली वाचनपुस्तके काढणे आणि त्या मुलांचे मराठीतले प्रत्येक अडखळणे समजून घेणे यांना कल्याणकारी योजनेतील सवलत मानणे चुकीचे आहे. ज्या भाषेचा ग्रंथव्यवहार शेवटच्या श्रोत्याला मुकावे लागू नये या निर्धारातून उभा राहिला, तिच्यासाठी ही स्वतःच्या परंपरेशी प्रामाणिक राहण्याची किमान अट आहे. आणि ती पूर्ण करायची तर सर्वांत मागे बसलेल्या मुलाला काय कळले, हाच शाळेच्या यशाचा पहिला निकष धरावा लागेल.